तीनचाकीच्या मागे ट्रॉली

वाचकहो, मनमाडकडच्या एका भगिनीचे पत्र गेल्या आठवड्यात आम्हाला आले. सप्रेम जयभीम करून त्या लिहितात, ‘आमचे मालक आठवडे बाजारात कांदा, बटाटा, लसूण विकतात. कर्ज काढून मालवाहू तीनचाकी घेतली, तिचे एकोणीस हप्ते अजून बाकी आहेत. आता एका वेल्डिंगवाल्याने सुचवले आहे की, मागे हुक बसवू आणि दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडू. बावीस हजारांत काम होईल, दोन खेपांचा माल एका खेपेत जाईल. मालकांना ते पटले आहे. मला रात्री झोप लागत नाही. तुम्ही तुमच्या सदरात यावर लिहा. ते पेपर वाचतात, माझे ऐकत नाहीत.’

आम्ही कारकून माणूस. आयुष्य हजेरीपट आणि व्हाउचर लिहिण्यात चालले आहे. इंजिनातले आम्हाला मेकॅनिकइतके कळत नाही. पण वस्तीतल्या लोकांचे अपघात-दाव्यांचे कागद भरून देण्याचे काम आम्ही बरीच वर्षे करतो आणि त्या निमित्ताने गाडीच्या मागे काय काय जोडले जाते हे पुष्कळ पाहिले आहे. बाजाराच्या दिवशी कोणत्याही नाक्यावर उभे राहा. रिक्षेच्या मागच्या दांडीला नायलॉनच्या दोरीने बांधलेली हातगाडी दिसेल. मंडपवाल्याच्या तीनचाकीमागे जनरेटरचा गाडा दिसेल. मोटारसायकलवर मागे बसलेला मुलगा एका हाताने भाजीची गाडी धरून ओढत नेतानाही दिसेल. हे सगळे पोटासाठी चालते, म्हणून त्याला नावे ठेवण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात असे आम्हाला वाटते.

तीनचाकीला काहीतरी जोडण्याची हौस आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ पासून १९७३ पर्यंत ‘सर्व्ही-कार’ नावाची तीनचाकी मोटारसायकल बनवली. तिची मूळ कल्पना मोठी गमतीची होती. ग्यारेजचा माणूस तीवर बसून गिऱ्हाइकाच्या घरी जाणार, तिचे पुढचे टोक गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या मागे अडकवणार आणि मोटार चालवत ग्यारेजला परत येणार. म्हणजे ती ओढणारी नव्हती, ओढली जाणारी होती! आपल्या दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या हार्ले मोटारसायकलींचा मागचा भाग कापून तिथे माणसे बसवायची पेटी बसवली गेली. त्या ‘फटफटी’ लाल किल्ल्याच्या बाजूला कॅनॉट प्लेसपर्यंत सवारी वाहत होत्या आणि १९९८ साली प्रदूषणाच्या कारणाने बंद झाल्या. सौराष्ट्रात बुलेटचे तोंड आणि मागे गाडा अशी छकडा रिक्षा निघाली. आपण ज्याला सहज ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्दसुद्धा एका जर्मन कंपनीच्या तीनचाकीचा. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिने हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार करून ती मालवाहू तीनचाकी इथे बनवली. पुढे प्रत्येक मालगाडी टेम्पो झाली.

हे सांगायचे कारण असे की, या सगळ्यांत माल गाडीच्या अंगावर होता. मागे वेगळ्या चाकांवर ट्रॉली ओढणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती रीतसर कशी करतात हे पाहायचे तर कॅनडाकडे पाहावे लागते. तिथल्या क्युबेक प्रांतातल्या बी.आर.पी. कंपनीने २००७ साली ‘स्पायडर’ नावाची तीनचाकी मोटारसायकल काढली. पुढे दोन चाके, मागे एक. २०१० च्या लांब प्रवासाच्या मॉडेलबरोबर कंपनीने स्वतःच्याच कारखान्याची जुळणारी ट्रॉलीही विकायला ठेवली. तिच्यात ६२२ लिटर सामान मावते. तिकडे निवृत्त झालेली नवराबायको अशा गाडीवर तंबू, पांघरुणे, खाण्याचे डबे घेऊन महिना-महिना फिरतात. आता आकडा लक्षात ठेवा. या गाडीचे इंजिन पुढे १३३० सी.सी.चे झाले. तिला चाके लॉक न होणारे ब्रेक आहेत, गाडी कलायला लागली तर आपोआप आवरणारी यंत्रणा आहे. तरीही कंपनीने ट्रॉलीची मर्यादा घातली आहे ४०० पौंड, म्हणजे मालासकट सुमारे १८१ किलो. साडेतीन पोती कांदा. तो ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनासकट! होंडा कंपनीची गोल्डविंग नावाची १८३३ सी.सी.ची प्रचंड मोटारसायकल आहे. तिच्या माहितीपुस्तकात कंपनी सांगते की, ही गाडी ट्रॉली ओढण्यासाठी बनवलेली नाही, जोडू नका.

एवढी ताकद असून असे का? बैलाला गाडी ओढता येते की नाही एवढेच आपण पाहतो, तसेच गाडीचे पाहतो. इंजिन ओढेल का? तर ओढते. आपली तीनचाकीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये ट्रॉली ओढून नेईल. वेल्डिंगवाला हेच दाखवतो, दुकानासमोर एक चक्कर मारून आणतो आणि पैसे मोजून घेतो. खरा प्रश्न थांबण्याचा आहे. समजा रिकामी गाडी ४०० किलोची, तिच्यात ५०० किलो माल, झाले ९००. मागे ४०० किलोची भरलेली ट्रॉली आली की १३०० झाले. वजन जवळजवळ दीडपट आणि ब्रेक होते तेवढेच, कारण वेल्डिंगवाल्याच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो. त्यात वेगाचा हिशेब वेगळा आहे. ताशी २० किलोमीटरने चाललेली गाडी जेवढ्या अंतरात थांबते त्याच्या चौपट अंतर तिला ४० च्या वेगाला लागते, दुप्पट नव्हे. हा हिशेब गाडी एकटी असतानाचा. मागून ढकलणारे वजन त्यात धरलेले नाही.

आणि हे वजन मागून ढकलते. सरळ रस्त्यावर सरळ ढकलते. वळणावर ब्रेक दाबला तर ते गाडीच्या पार्श्वभागाला बाजूला रेटते. चारचाकीला पुढे दोन पाय असतात. आपल्या तीनचाकीला पुढे एकच. चुलीचे तीन दगड कधी डुगडुगत नाहीत हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे, पण तीन पायांच्या तिवईच्या कडेवर बसले की ती कलंडते हेही त्यांना ठाऊक आहे. वळणावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या एका चाकाकडे आणि बाहेरच्या बाजूला सरकतो, म्हणजे नेमका तिवईच्या कडेवर. स्पायडरला पुढे दोन चाके आहेत ती याचसाठी. आपल्या रिक्षा, टेम्पो उलट बांधणीचे. त्यांच्या मागे ट्रॉली लावणे म्हणजे तिवईच्या कडेवर बसलेल्या माणसाला पाठीमागून धक्का देण्यासारखे आहे.

खेड्यात ज्यांचे लहानपण गेले त्यांना पुढची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरला की जू बैलांच्या मानेत रुतते. ट्रॉलीचेही तसेच आहे. माल ट्रॉलीच्या मागच्या टोकाला भरला तर हुकावरचा भार उचलला जातो, ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते आणि थोडा वेग आला की गाडीला घेऊन लोळते. माल फार पुढे भरला तर हुक खाली दाबला जातो आणि पुढचे चाक हलके होते. चढावर मागे जड झालेल्या रिक्षाचे पुढचे चाक उचलले गेलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चाक जमिनीला धड टेकलेले नसेल तर हँडल वळवून उपयोग काय? म्हणून ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा, जड माल तळाला आणि चाकांच्या किंचित पुढे ठेवावा अशी रीत आहे. कांद्याची पोती हातात येतील तशी फेकून भरणाऱ्या हमालाला हे कोण सांगणार आणि तराजू लावून कोण पाहणार?

आता कायद्याकडे येऊ. इथे आपले लोक सगळ्यात जास्त फसतात असा आमचा अनुभव आहे. पुष्कळांची समजूत अशी की, ट्रॉलीला इंजिन नाही म्हणजे ती गाडी नाही, हातगाडीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून पाहा. ‘मोटार वाहन’ शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणजे तुमच्या तीनचाकीला हुकाने जोडून रस्त्यावर आणली की ती ट्रॉली कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाहन झाली. तिला नोंदणी हवी, विमा हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्या पाठीवर हवा. शिवाय कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या बांधणीत परस्पर बदल करता येत नाही. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी गाडीत बदल करायला कायद्याने वाट ठेवली आहे, बाजूला चाके लावलेल्या स्कूटर आपण पाहतो त्या त्याच वाटेने आल्या. पण त्या स्कूटरमागे टपरीचा गाडा ओढायची परवानगी त्यात आपोआप येत नाही. आमच्या ओळखीच्या एका पोलिओग्रस्त बांधवाची अशीच समजूत होती.

‘आमची तर जुगाड गाडी, तिला कसला कायदा’ असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. उत्तरेत पाणी उपसण्याच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांना जुगाड म्हणतात. राजस्थानातल्या एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जुगाडही मोटार वाहनच आहे आणि तिला नोंदणी-विम्याचे सगळे नियम लागू आहेत.

दंडाचे आकडे २०१९ च्या दुरुस्तीने वाढले. विनानोंदणी वाहन चालवले तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत, विमा नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार, परवानगीशिवाय बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे कमी वाटले तर वजनाचे पाहा. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर होत नाही. नाव-गाव न सांगता एक प्रकरण सांगतो, कागद आम्ही स्वतः भरले होते. उताराचा रस्ता, पुढे कुत्रे आले म्हणून तीनचाकीवाल्याने ब्रेक दाबला. मागची ट्रॉली आडवी होऊन रस्त्याच्या कडेने कामावर चाललेल्या एका बाईंना लागली. मांडीचे हाड मोडले, आठ महिने काम बंद. बाई वीटभट्टीवर काम करणाऱ्या, गाडीवालाही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला. दावा न्यायाधिकरणापुढे गेला. गाडीचा विमा चालू होता म्हणून आम्हाला वाटले निभावेल. विमा कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, ‘ही ट्रॉली कोणत्या कागदावर आहे?’ कागद कुठलाच नव्हता. शेवटी हुकूम झाला की, कंपनीने बाईंना भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करून घ्यावी. बाईंना पैसे मिळाले, ते मिळायलाच हवे होते. गाडीमालकाची गाडी गेली, पत्नीचे बचत गटातले पैसे गेले आणि मोठ्या मुलीचे बारावीनंतरचे शिक्षण थांबले. त्या घरात आम्ही आजही जातो. चहा मिळतो, बोलणे मात्र फारसे होत नाही.

मनमाडकडच्या भगिनींनी लिहिलेल्या बावीस हजारांचा आता हिशेब करू. एवढे तरी बी.कॉम. झालेल्या माणसाला यायला हवे. बाजार अठरा किलोमीटरवर धरला तर दुसरी खेप वाचली म्हणजे जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर वाचले. लिटरला तीस किलोमीटर धरले तर एक लिटर आणि दोनशे मिलीलिटर डिझेल. नव्वद रुपये भाव धरू, म्हणजे एकशे आठ रुपये. आठवड्याला चार बाजार, महिन्याला साधारण अठराशे सत्तर रुपये. बावीस हजार फिटायला जवळजवळ बारा महिने लागले. पण ट्रॉली ओढताना डिझेल जास्त जळते, क्लच प्लेट लवकर जाते, टायर झिजतात, ट्रॉलीचे स्वतःचे दोन टायर आहेतच. म्हणजे वर्ष सोडा, दीड वर्ष धरा. त्या दीड वर्षात नोंदणी आणि विमा मिळून एकदा सात हजारांचा दंड झाला तर जवळजवळ चार महिन्यांची बचत गेली. आणि या जमाखर्चात वरच्या प्रकरणासारखा दिवस आम्ही धरलेलाच नाही, तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे आम्हाला कॉलेजात शिकवलेले नाही.

दुसरी खेप वेळ खाते, हे आम्हाला मान्य आहे. बाजारात पहाटे जागा धरावी लागते, उशीर झाला की नालीजवळची जागा मिळते. पण त्याला दुसरे उपाय आहेत. एकाच बाजाराला जाणारे तीन-चार दुकानदार मिळून बाजाराच्या दिवसापुरता चारचाकी छोटा टेम्पो भाड्याने करतात आणि भाडे पोत्यांवर वाटून घेतात, असे आम्ही काही ठिकाणी पाहिले आहे. त्यात भांडणे होतात, होत नाहीत असे नाही. कोणाची पोती किती हे वहीत लिहून ठेवले की कमी होतात. दुसरे, काही माल आदल्या संध्याकाळी नेऊन बाजारगावच्या ओळखीच्या घरी ठेवता येतो. आणि तिसरे, गाडीचे आर.सी. बुक काढून पाहावे. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी केली की माल किती चालतो ते कळते, त्यात चालवणाऱ्याचे वजनही आलेच. पुष्कळ जण हा आकडा कधी पाहतच नाहीत, कोणी त्याहून जास्त भरतो आणि कोणी भीतीने फार कमी भरतो. कमी भरणाऱ्याला ट्रॉलीवाचूनच पोती वाढवता येतील.

ट्रॉली घ्यायचीच असे ज्यांचे पक्के ठरले असेल, त्यांनी वेल्डिंगवाल्याकडे जाण्यापूर्वी दोन ठिकाणी जावे. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे की, या मॉडेलमागे ट्रॉली चालते का आणि किती किलोची. ते तोंडी हो म्हणाले तर लेखी मागावे. नंतर आर.टी.ओ.त अर्ज करावा, पोच घ्यावी. दलालाने ‘काही होत नाही, मी बसलोय’ म्हटले तर त्यालाही ते लिहून द्यायला सांगावे. तो देणार नाही. मालकांना हे वाचून राग आला तर भगिनींनी आमच्यावर ढकलावे, आम्हाला सवय आहे.

राहिली गोष्ट बंद पडलेल्या गाडीची. ती ग्यारेजपर्यंत न्यावी लागते, त्याला इलाज नसतो. आपल्याकडे टोचन लावतात किंवा स्कूटरवाला एक पाय मागच्या रिक्षाला लावून ढकलत नेतो. पायाने ढकलणे कृपा करून बंद करा, त्यात गुडघे आणि घोटे गेलेली तरुण पोरे आम्ही पाहिली आहेत. दोरी फक्त ओढते, अडवत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला की मागची गाडी सरळ त्याच्यावर येते, म्हणून लोखंडी दांडा असेल तर दांडाच लावावा. दोरीच असेल तर तिच्या मध्यावर लाल फडके बांधावे, म्हणजे मधून सायकलवाला घुसणार नाही. रात्र असेल तर मागच्या गाडीला दिवा हवा, निदान चकाकणारी पट्टी तरी. घाट असेल तर क्रेन बोलवावी, पैसे जातात ते जाऊ द्यावेत. चालायच्या वेगापेक्षा थोडे जास्त, एवढेच पळवावे. आणि मागच्या गाडीत हँडलवर जो बसेल तो लहान मुलगा नको, गाडी येणारा माणूस हवा. त्या गाडीचा ब्रेक लागतो की नाही हे निघण्यापूर्वी दोनदा दाबून पाहावे.